मधला पाय कुठंय? तिलारी घाटाखाली सापडलेल्या एका सोल्जर बीटलची ओळख

तिलारी घाट उतरून दोडामार्गाकडे जाताना माझ्या मामांची बागायत लागते. सुपारी, थोडा काजू आणि खालून वाहणाऱ्या ओहोळाच्या कडेला दिंड्याची झुडपं. जुलैत दिंडा फुलला की त्याच्या चपट्या फुलोऱ्यावर माश्या, फुलपाखरं, भुंगेरे यांची नुसती जत्रा भरते. मी बेळगावात औषधाच्या दुकानात बसतो. पावसाळ्यातल्या दोन रविवारी तरी दुकान भावाकडे सोपवून मामांकडे जातो आणि त्या फुलोऱ्यापुढे छत्री धरून उभा राहतो.

त्या दिवशी फुलोऱ्याच्या कडेला एक बारीकशी गांधीलमाशी बसली होती. निदान मला तसं वाटलं. लांबी नऊ-दहा मिलिमीटर, पिवळं अंग, पोटावर काळे आडवे पट्टे, पाठीवर धुरकट तपकिरी पंख. मामी मागून आल्या. ‘ह्यां काय गावला तुका? चावतला हां!’ म्हणून त्यांनी मला दोन पावलं मागे ओढलं. मी त्रेचाळीस फोटो काढले आणि वहीत लिहिलं: ‘गांधीलमाशी, लहान, दिंड्यावर.’ मोबाईलमधल्या ॲपनेही माशीच्याच वंशाचं नाव सुचवलं. विषय संपला होता.

रात्री फोटो मोठे करून पाहताना खटकलं ते खांद्यापाशी. पंख थेट अंगातून निघत नव्हते. त्यांच्या मुळाशी दोन लहान, पिवळट, टोकाला काळसर झाकणं होती. जेमतेम दोन मिलिमीटर लांब, आखूड बंडी घातल्यासारखी. पंखांची पुढची जोडी झाकण झालेली म्हणजे भुंगेरा. माशीच्या चारही पंखांचं पापुद्र्यासारखं असणं इथं नव्हतं. शिवाय शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, लांब, दोऱ्यासारख्या आणि अकरा मण्यांच्या. वहीतली नोंद खोडली.

आखूड बंडीवाले कोण कोण

झाकणं आखूड असलेले भुंगेरे पुष्कळ कुळांत आहेत आणि प्रत्येकाने ती वाट स्वतंत्रपणे धरलेली आहे. त्यामुळे ‘आखूड झाकणं’ एवढ्यावरून कुळ ठरत नाही. कोण कोण बाद होतं ते बघत जावं लागतं.

सगळ्यात आधी आठवतात ते रोव्ह बीटल. पण ते आपले मोठे पंख घड्या घालघालून त्या छोट्या झाकणांखाली कोंबतात. बसलेल्या रोव्ह बीटलचं पोट उघडं दिसतं, पंख दिसत नाहीत. माझ्या किड्याचे पंख पोटावर सरळ पसरले होते. ते बाद.

मग ॲट्रॅक्टोसेरस. पावसाळ्यात दिव्यावर कधीमधी येणारा हा लांबलचक, जवळजवळ अळीसारखा भुंगेरा. त्याचीही झाकणं नावापुरती आणि पंख उघडे, पण डोळे एवढे मोठे की डोकं म्हणजे डोळेच. माझ्या किड्याचे डोळे फुगीर होते तरी मध्ये कपाळ भरपूर होतं. तोही बाद.

गांधीलमाशीचं सोंग घेणारे काही लांबशृंगी भुंगेरेही, नेसिडॅलिससारखे, आखूड झाकणांचे असतात. इथं कामाला आलं ते पाऊल. भुंगेऱ्याच्या पावलाचे तुकडे मोजणं हे कंटाळवाणं काम आहे. एका फोटोत मागचं पाऊल पानाच्या कडेवर आडवं पडलं होतं, म्हणून ते जमलं: पाच तुकडे, चौथा दुभंगलेला, दोन पाळ्यांचा. लांबशृंगी भुंगेऱ्यांत वरवर मोजले तर चारच भरतात. आणि ज्यांना आपले शेतकरी हिंगे म्हणतात, बाजरीच्या कणसावर येतात आणि अंगाला घासले की फोड उठवतात, त्यांच्या मागच्या पायाला चार तुकडे, पुढच्या दोन जोड्यांना पाच. मागच्या पायाला पाच म्हटल्यावर हिंग्यांचं कुळ गेलंच, त्यांच्यासारखी पाच-पाच-चारची मोजणी असलेली आणखी दोन-तीन कुळंही गेली.

उरलं ते मऊ अंगाचं कुळ, कँथॅरिडी. इंग्रज त्यांना सोल्जर बीटल म्हणतात. त्यांच्याकडच्या लालकाळ्या जाती पाहून तिथल्या जुन्या पलटणीच्या लाल डगल्यांची आठवण झाली म्हणून. आपल्याकडच्या या किड्याला पलटणीशी जोडण्याजोगं काही नाही, पण मराठीत वेगळं नाव नाही, तेव्हा तेच वापरतो. काजव्याचे हे नातेवाईक, एकाच मोठ्या गटातले. फरक असा की काजव्याचं डोकं छातीच्या ढालीखाली झाकलेलं असतं, यांचं उघडं पुढे दिसतं. आणि हे चमकत नाहीत.

औषधवाला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कँथॅरिडिन नावाचं फोड आणणारं द्रव्य या कुळात नसतंच. ते हिंग्यांमध्ये असतं. ‘कँथॅरिस’ हे जुनं ग्रीक नाव हिंग्यांसाठी वापरलं जायचं. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनेयसने 1758 साली नावं वाटली तेव्हापासूनच्या घोळात ते अखेर सोल्जर बीटलच्या गळ्यात पडलं. द्रव्य एकाचं, नाव दुसऱ्याचं. सोल्जर बीटलना स्वतःची वेगळी संरक्षक रसायनं आहेत, छातीवर आणि पोटावर त्यांच्या ग्रंथी असतात, पण मामींना घाबरवण्यासारखं त्यात काही नाही. चावणंही नाही.

शेपटी

कुळ ठरलं. पुढची पायरी, म्हणजे प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), एका वाया गेलेल्या फोटोनं दिली. किडा उडायच्या तयारीत होता, पंख थोडे फाकले होते, फोटो हललेला. पण पंखांच्या मधून पोटाचं शेवटचं टोक दिसत होतं आणि ते दुभंगलेलं होतं. साधी खाच नव्हे, चांगले दोन फाटे. माशाच्या शेपटीसारखे.

इथं जुन्या माणसांनी नाव ठेवताना डोळे उघडे ठेवले होते हे मान्य करावं लागतं. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूडने 1848 साली ‘इक्थ्यूरस’ नावाची प्रजाती केली. ग्रीकमध्ये इक्थ्यूस म्हणजे मासा, ऊरा म्हणजे शेपूट. आखूड झाकणं, उघडे पंख, पट्ट्यापट्ट्यांचं पिवळं अंग, दुभंगलेलं पोटाचं टोक: सगळं जुळलं. आखूड झाकणांचे जवळचे नातलग या गटात आहेत, म्हणून मी त्यांचीही वर्णनं पाहिली. इतका खोल फाटा आणि हा बांधा इक्थ्यूरसशीच जुळत होता.

मला वाटलं, आता जात काय, दोन दिवसांचं काम. रंग जुळणारा एक फोटो इंटरनेटवर सापडलाही, खाली जातीचं नाव छापलेलं. मी ते नाव वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुण्यात राहणाऱ्या, भुंगेऱ्यांवर आयुष्य काढलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना सगळे फोटो पाठवले.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला.

‘फोटो सुंदर आहेत हो. पण मधला पाय कुठंय?’

‘सर, कुठला मधला?’

‘पायांची मधली जोडी. नराची. तुमच्या त्रेचाळीस फोटोंत चाळीसमध्ये पाठ आहे, तीनमध्ये चेहरा. आणि ते नाव कुठून काढलंत? ती जात इंडोनेशियातली आहे. पिवळ्यावर काळे पट्टे तर या प्रजातीत जवळपास सगळ्यांनाच.’

बरोबरच होतं. मी पाठ काढली, कारण पाठ देखणी होती. इक्थ्यूरसमध्ये नराच्या मधल्या पायाची मांडी फुगलेली असते, पोटरी वाकडी, दातेरी किंवा कसल्यातरी खाचेची. कुठे बाक, कुठे दात, किती दात, यावर जाती वेगळ्या होतात. त्याखालोखाल शेपटीच्या फाट्याचा आकार, आणि शेवटी नराचे जननअवयव. रंग या यादीत बराच खाली येतो, कारण एकाच जातीत काळा पट्टा कुठे रुंद होतो तर कुठे तुटतो.

1895 च्या पानांत

सरांनी नवीन किडा पकडायला सांगितलं. तोवर जुनं छापील वाचण्याचं काम मी घेतलं. हा भाग मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त वेळही त्यानेच खाल्ला.

‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत भुंगेऱ्यांवर खंडांमागून खंड निघाले. लांबशृंगी, शेणकिडे, पानकिडे, सोंडे, रोव्ह बीटल, सगळ्यांना जागा मिळाली. सोल्जर बीटलचा खंड कधी निघालाच नाही. भारतात या कुळाची ओळख अडते ती इथं. एखाद्याने लांबशृंगी भुंगेरा आणला तर निदान 1906 चा गहानचा खंड उघडून सुरुवात करता येते. सोल्जर बीटलसाठी सुरुवातीचं पानच नाही. लंडन, पॅरिस, ब्रुसेल्सच्या जुन्या नियतकालिकांत तुकडे विखुरलेले आहेत, ते गोळा करा.

शोधताना आधी हाती काहीच लागेना, कारण मी ‘कँथॅरिडी’ शोधत होतो. जुन्या लेखकांनी या कुळाला ‘टेलेफोरिडी’ म्हटलंय, त्याआधी ‘मॅलॅकोडर्माटा’, म्हणजे मऊ कातडीचे, यात काजव्यांसकट कोंबलंय. ते शब्द टाकल्यावर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीतल्या स्कॅन केलेल्या अंकांची दारं उघडली.

त्यातला आमच्या भागाशी सगळ्यात जवळचा लेख गोऱ्हमचा. एच. ई. अँड्र्यूज हे इकडे वनखात्यात होते. पुढे ते जमिनीवर धावणाऱ्या कॅराबिडी भुंगेऱ्यांचे मोठे जाणकार झाले. त्यांनी भारत आणि ब्रह्मदेशातून जमवलेल्या मऊ अंगाच्या भुंगेऱ्यांची यादी हेन्री स्टीफन गोऱ्हमने 1895 मध्ये बेल्जियमच्या कीटकशास्त्र संस्थेच्या वार्षिकात छापली. त्या काळच्या अशा वर्णनांखाली ‘बेलगाम’ आणि ‘कॅनरा’ ही ठिकाणं वारंवार दिसतात. दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर लॅटिन वर्णन वाचतोय आणि खाली आपल्याच गावाचं नाव आलंय, याची गंमत वेगळीच. कॅनरा म्हणजे कारवारकडचा जिल्हा. तिथून तिलारीचं रान काही फार लांब नाही.

दुसरं नाव जॉर्ज चार्ल्स चॅम्पियनचं. वनखात्यातल्या लोकांना ‘चॅम्पियन आणि सेठ’ तोंडपाठ असतं, भारतातल्या जंगलांचे प्रकार लावून देणारं 1968 चं पुस्तक. त्यातला चॅम्पियन म्हणजे या जॉर्जचा मुलगा हॅरी. मुलगा कुमाऊँच्या जंगलात नोकरीला होता, भुंगेरे जमवून बापाला पाठवायचा, आणि बाप इंग्लंडात बसून त्यांची वर्णनं लिहायचा. सोल्जर बीटलच्या बाबतीत या बापाचं काम मोलाचं आहे. 1914 साली त्याने मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या सोल्जर बीटलच्या एका उपकुळाची फेरमांडणी नराच्या लक्षणांवरून केली. आमचा शेपटीवाला त्याच उपकुळातला. इक्थ्यूरस आणि त्याच्या सोबत्यांचा वेगळा गट चॅम्पियननेच 1915 मध्ये मांडला.

आणि मग मॉरिस पिक. फ्रान्समधला हा गृहस्थ (1866–1957) भुंगेऱ्यांना नावं देत सुटला होता. हजारोंनी. त्यासाठी स्वतःचं नियतकालिकही चालवायचा. एका जातीला दोन-तीन ओळी: रंग, लांबी, देश. चित्र बहुतेक नाही, पायाची गोष्ट असली तर असली. त्याच्या दोन ओळी घेऊन समोरचा किडा ओळखायचा म्हणजे ‘गोरा, उंच, कोकणातला’ एवढ्यावर माणूस शोधण्यासारखं. मला पिकचा राग येतो, हे लपवत नाही. नाव त्याने दिलं आणि ओळख पटवण्याचं काम शंभर वर्षांनंतरच्या माणसावर टाकलं. त्याचे मूळ नमुने, म्हणजे ज्या किड्यांवरून त्याने जाती लिहिल्या तेच, पॅरिसच्या संग्रहालयात आहेत, तेव्हा शंका फिटायची तर तिथला नमुनाच बघावा लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाझेलच्या वॉल्टर विट्मरने आशियातल्या या कुळावर पुष्कळ नेटकं काम केलं. त्याचा ठेवा स्वित्झर्लंडमध्ये.

वाचून हाती काय आलं? रंगावरून दोन वर्णनं आमच्या किड्याच्या जवळ आली. दोन्हींत मधल्या पायाबद्दल निकाल लावता येईल इतकं लिहिलेलं नव्हतं.

जोडी

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पुन्हा गेलो. जागा मामांच्या मालकीची, अभयारण्याच्या बाहेरची. राखीव किंवा संरक्षित रानात असतो तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मुंगीही उचलली नसती. दिंड्याचा बहर ओसरत आला होता. साडेनऊला पाऊस उघडला, ऊन पडलं आणि दहा मिनिटांत दोन शेपटीवाले एकाच फुलोऱ्यावर उतरले. यावेळी आधी आडवे झोपून बाजूने फोटो काढले. मामा छत्री धरून उभे. ‘पाठ नको, पाय काढ पाय,’ असं तेच मला सांगत होते. फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलेलं.

दोघेही बाटलीत घेतले. सोल्जर बीटलच्या बाबतीत टाचणीवर सुकवण्याचा मोह टाळायचा, कारण मऊ अंग सुकलं की पोट चुरगळतं आणि शेपटीचा फाटा वाकडा होतो. म्हणून थेट अल्कोहोल. पण अल्कोहोलमध्ये पिवळा रंग हळूहळू उतरतो, तेव्हा जिवंतपणीचे फोटो आणि बाटलीतला नमुना दोन्ही हवेत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाकली: गाव, तालुका, तारीख, झाड, उंची, पकडणाऱ्याचं नाव. शाईची लिहिली असती तर आठवड्यात पुसली असती. हे मी औषधाच्या बाटल्यांवरून शिकलोय.

संध्याकाळी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली मामींनीही पाहिलं. एकाच्या मधल्या पायाची मांडी खरंच फुगीर, पोटरी मध्येच आत वळलेली आणि त्या वळणावर एक बोथट दात. दुसऱ्याचे पाय साधे आणि शेपटीची खाच उथळ. नर आणि मादी. मामी भिंगातून मान न काढता म्हणाल्या, ‘ह्यो मासोच आसा मरे!’ कोणी ग्रीक न शिकवता.

कुठं थांबलो

पुण्यात सरांनी नराचं पोट वेगळं केलं, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवून मऊ भाग विरघळवला, आणि ग्लिसरीनच्या थेंबात जननअवयव काढून पेन्सिलीने तीन बाजूंनी चित्र केलं. काम स्वच्छ झालं. पण चित्र तुलनेला ठेवायचं कशाशी? ज्या दोन वर्णनांशी रंग जुळत होता, त्यांच्यासोबत असं चित्र नव्हतं. पायाच्या दातावरून आमचा नर त्यांतल्या कुणाचा असू शकतो किंवा तिसराच असू शकतो.

मी डीएनएचं विचारलं. सर म्हणाले, करता येईल, मादीचा एक पाय त्यासाठी बाजूला ठेवलाय. त्यातून 658 अक्षरांची एक पट्टी मिळते आणि ती साठ्यातल्या पट्ट्यांशी जुळवतात. ‘पण साठ्यात कुणीतरी खात्रीने नाव लावलेली पट्टी आधी घातलेली पाहिजे ना. नाहीतर तुम्हाला कळेल एवढंच की तुमचा किडा तुमच्या किड्यासारखा आहे.’

‘मग नवीन जात म्हणून लिहू या का?’ मी धीर करून विचारलं.

सर हसले. एका नरावर? मूळ नमुने न बघता? पिकनेही तेच केलं होतं, तुम्हाला त्याचा राग येतो म्हणालात. मी गप्प. नवीन जात जाहीर करायची तर नमुने अधिकृत भांडारात जमा करावे लागतात. 2002 च्या जैवविविधता कायद्यात ते स्पष्ट आहे. आणि नमुना तुलनेसाठी परदेशी पाठवायचा तरी त्याचे नियम आहेत. त्यापेक्षा आधी पॅरिस आणि लंडनच्या संग्रहालयांकडून त्या दोन जातींच्या मूळ नमुन्यांच्या मधल्या पायाचे फोटो मागायचे. सरांनी तशी पत्रं लिहिली. फोटो आले आणि दात जुळला तर नाव मिळेल. नाही जुळला तर निदान पाच-सहा नर हातात लागेपर्यंत थांबायचं, म्हणजे दाताचा आकार एका किड्याची खोड आहे की सगळ्यांचा, हे कळेल.

तोवर बाटलीवरची चिठ्ठी अशी: ‘इक्थ्यूरस, जाती अनिश्चित. नर 1, मादी 1. दिंड्याच्या फुलोऱ्यावर.’ त्या इंडोनेशियन नावावर मी वहीत काट मारली, पण खोडून टाकलं नाही. मागच्या पानावर ‘गांधीलमाशी, लहान’ आहे, तेही तसंच ठेवलंय.

यंदा जूनच्या अखेरीस दुकानात गर्दीच्या वेळी मामींचा फोन आला. पलीकडे पावसाचा आवाज, मामा मागून काहीतरी ओरडत होते.

‘तुझो मासो इलो हां. तीन आसत. मधलो पाय बघलंय मी, दोघांचो जाडो आसा. कधी येतंस?’